शिंपी नाही, पिंजारी!

"बाई, गोष्ट जित्या माणसाची आणू का पेटीतल्या?"

उद्याचा डबा पोळीचा आणू की भाकरीचा, अशा थाटात सुफियाननं हा प्रश्न विचारला. मोहोड बाई फळ्यावर लिहीत होत्या, त्या वळल्यासुद्धा नाहीत. काही वर्षांपूर्वी एखाद्या पोरानं असं विचारलं असतं, तर त्यांनी आधी त्याच्या कपाळाला हात लावून ताप पाहिला असता. पण आता मूर्तिजापुरातल्या त्यांच्या तिसरीच्या वर्गात निम्म्या पोरांच्या घरी पेटी होती, आणि निम्म्या पोरांना गोष्टी सांगणारी माणसं कधीच या जगातून गेलेली होती.

"कोणाचीही आण," बाई म्हणाल्या. "फक्त घरची पाहिजे. मोबाइलवरची नको."

पेटी दिसायला काहीच नव्हती. स्टीलच्या मसाल्याच्या डब्याएवढी, वर बारीक जाळी, बाजूला एक हिरवा दिवा. कागदोपत्री तिला 'स्वरछबी यंत्र' म्हणत, पण पेटी हेच नाव तिला चिकटलं. फोटोत चेहऱ्याची छबी उतरते, तशी यात बोलण्याची उतरायची. माणूस हयात असताना त्याला पेटीसमोर भरपूर बोलायला बसवायचं. त्याचा आवाज कसा आहे, बोलताना दम कुठे लागतो, कोणते शब्द तोंडात बसलेत, कोणतं वाक्य अर्धवट सोडायची खोड आहे, हे सगळं ती टिपून घ्यायची. मग माणूस गेला तरी पेटी त्याच्यासारखी बोलत राहायची, आणि तेही नुसतं पाठ केलेलं नाही. विचारलं तर उत्तर द्यायची, रागवायची, जेवलास का म्हणायची. लोकांनी आधी नाकं मुरडली आणि मग गुपचूप घेतल्या. स्टेशन रोडवरच्या एका घरात सासूबाईंची पेटी आणली, तर सुनेनं ती माळ्यावर टाकली. तरी माळ्यावरून भाजीत मीठ कमी असल्याच्या सूचना येत राहिल्या म्हणतात. खरंखोटं त्या घरच्यांना माहीत.

मोहोड बाईंच्या घरी पेटी नव्हती. त्यांचं सगळंच जुन्या वळणाचं होतं. दोन गोष्टी ऐकल्या की आपोआप दोन वर्तुळं काढून त्यात शब्द भरणारा नवा फलक शाळेला मिळाला होता. बाईंनी त्यावर आपली शाल टांगून ठेवली होती. "यंत्रानं वर्तुळं काढली तर हुशार कोण झालं, यंत्र की पोट्टे?" असं त्या मुख्याध्यापकांना विचारायच्या, आणि मुख्याध्यापक विषय बदलायचे.

बाईंची वर्तुळं दोरीची होती. बाजारातून आणलेली कपडे वाळत घालायची दोरी, एक लाल आणि एक हिरवी. फरशीवर दोन मोठे गोल करायचे, एकमेकांत थोडे घुसलेले. पहिली गोष्ट लाल गोलाची, दुसरी हिरव्याची. ज्या गोष्टीत जे असेल, ते चिठ्ठीवर लिहून त्या गोलात ठेवायचं. दोन्हींत असेल ते मधे, जिथे गोल एकमेकांत शिरलेत तिथे. त्या मधल्या भागाचा आकार दोन्हीकडे टोकदार, म्हणून पोरांनी त्याला 'बदाम' नाव दिलं होतं. खायचा बदाम की पत्त्यातला बदाम, यावर आठवडाभर भांडण चाललं आणि शेवटी दोन्ही चालेल असं ठरलं.

सुफियाननं त्याच्या मामूची गोष्ट आणली, जित्या मामूची. त्रिशानं पेटीतल्या पणजोबांची आणली. दोन्ही गोष्टींत कोल्हा टरबुजं चोरत होता. त्रिशानं 'कोल्हा' लिहिलेली चिठ्ठी बदामात ठेवली, तर सुफियाननं ती उचलली.

"असा कसा बदामात? माह्या मामूचा कोल्हा कारंज्याचा हाय, तुह्या पणजोबाचा दर्यापूरचा. दोन येगळे कोल्हे हायत."

"कोल्हा तो कोल्हाच न!"

वर्गात गोंधळ माजला. बाई मजेत बघत राहिल्या. शेवटी तिसऱ्या रांगेतून अद्विका गावंडे उठली आणि म्हणाली, "बाई, चिठ्ठी चुकीची हाय. 'कोल्हा' नाई लिहायचं, 'चोरी' लिहायचं. कोल्हे दोन, पण सवय एक."

चूक काढण्यात अद्विकाचा हात धरणारं वर्गात कोणी नव्हतं. बाईंची एक जुनी खोड होती. त्या फळ्यावर मुद्दाम चुकायच्या. गुरुवार असला की बुधवार लिहायच्या, सहा पंचे पस्तीस करायच्या. पोरं ओरडली की कपाळावर हात मारून म्हणायच्या, "अव्वो! बरं झालं बापा तुम्ही होते, नाही तर मी आज बुधवारचीच घरी गेली असती." पोरांना त्यात केवढी गंमत वाटायची. रोज सगळ्यात आधी अद्विकाचा आवाज यायचा, खणखणीत, बाकावर जवळजवळ उभं राहून.

तो आवाज बाईंच्या ओळखीचा होता. अद्विकाची आई प्रांजली याच वर्गात, याच बाईंच्या हाताखाली शिकलेली. दोन घट्ट वेण्या, आणि चूक दिसली की तिलाही असाच दम धरवत नसे. मागच्या वर्षीच्या उन्हाळ्यात ती गेली. रक्ताचा आजार होता. नागपूरच्या दवाखान्यात बरेच महिने काढले आणि शेवटी वयाची बत्तिशीही न गाठता गेली. तिच्या तेराव्याला बाई ताटावरून तशाच उठल्या होत्या. आपल्या हाताखालून गेलेली पोरं आपल्याआधी जावीत, ही कुठली रीत, असं त्यांना वाटत राहिलं होतं.

कोल्ह्याचं भांडण मिटल्यावर बाईंनी पुढचा अभ्यास दिला. "आता जरा अवघड. गोष्ट एकच, सांगणारे दोन. आजी कशी सांगते, बाबा कसे सांगतात. काय सारखं, काय वेगळं, ते शोधायचं. चिठ्ठ्या घरूनच लिहून आणा."

हा अभ्यास त्या दरवर्षी द्यायच्या. गोष्ट एकच असली तरी सांगणाऱ्यामुळे ती बदलते, हे पोरांच्या ध्यानात यायला याहून सोपी वाट नाही, असा त्यांचा अनुभव होता. तो अभ्यास यंदा द्यायलाच नको होता, असं त्यांना पुढे किती वेळा वाटलं असेल!

अद्विकाची पाळी आली तेव्हा तिनं दप्तरातून चिठ्ठ्यांचा छोटा गठ्ठा काढला. "लाल दोरी आई," तिनं जाहीर केलं. "हिरवी दोरी पेटीतली आई."

"अवं, दोन्ही तुही आईच हाय न," त्रिशा म्हणाली. "दोऱ्या एकावर एक टाक. नुसता बदामच बदाम."

"टाकू दे तिला तिच्या हिशेबानं," बाई म्हणाल्या. अद्विका गुडघ्यांवर बसली आणि गोष्ट सांगू लागली.

"एक उंदीर राहे कपाशीच्या वावरात. थंडी आली, म्हनून त्यानं कापूस जमवला, गोधडी कराले. तं कापूस आधी पिंजा लागते न. मंग आई म्हने, उंदीर गेला शिंप्याकडे. म्हने, शिंपीदादा शिंपीदादा, माहा कापूस पिंजून दे. आन आई थांबे. मी म्हणो, शिंपी नाई, पिंजारी! मंग आई म्हने, अव्वो! चुकली की मी. बरं झालं बापा तू होती, नाई तर उंदीर थंडीनं मेला असता."

वर्ग हसला. बाई हसल्या नाहीत. 'बरं झालं बापा तू होती' हे त्यांचं वाक्य होतं. फळ्यासमोर उभं राहून पिढ्यान्‌पिढ्यांच्या पोरांना म्हटलेलं त्यांचं वाक्य प्रांजलीनं घरी नेलं होतं, आणि आपल्या लेकीला रोज झोपताना दिलं होतं. बाईंना एकदम भरून आलं. त्यांनी खिडकीकडे तोंड करून चष्मा पुसला.

"आणि पेटीतली आई कशी सांगते?"

"पेटीतली बी पयले तशीच सांगे. थांबे बी. आता नाई थांबत. उंदीर सीधा पिंजाऱ्याकडेच जाते."

अद्विकानं चिठ्ठ्या मांडल्या. बदामात उंदीर, कापूस, थंडी, गोधडी आणि आवाज. लाल गोलात शिंपी, मधात थांबणं, 'चुकली की मी', आणि 'बरं झालं तू होती'. हिरव्या गोलात ठेवायला तिच्याकडे एकच चिठ्ठी होती. तिच्यावर लिहिलं होतं, 'बरोबर'.

ती मागे सरकून आपल्या मांडणीकडे बघत राहिली. घरी एकेक चिठ्ठी लिहिताना जे दिसलं नव्हतं, ते आता फरशीवर सगळं एकदम दिसत होतं. लाल गोल भरलेला आणि हिरवा जवळजवळ रिकामा. तिचा चेहरा हळूहळू बदलला. तिनं लाल गोलातली 'बरं झालं तू होती' ही चिठ्ठी उचलली आणि हिरव्या गोलावर धरली, पण खाली ठेवली नाही.

"बाई, हे ह्या दोरीतलं त्या दोरीत कसं टाकायचं?"

बाईंनी वाकून बाकीच्या चिठ्ठ्या गोळा केल्या आणि तिच्या हातात दिल्या. "मी संध्याकाळी तुमच्या घरी येते," एवढंच त्या म्हणाल्या.

अद्विकाचे वडील उमेश गावंडे विहिरीवरच्या जळालेल्या मोटारींची तार नव्यानं गुंडाळून द्यायचं काम करत. घराच्या पुढच्या खोलीतच दुकान होतं, तांब्याच्या तारेची भेंडोळी आणि वार्निशचा वास. बाईंना दारात बघून त्यांनी हात चिंधीला पुसत खुर्ची पुढे केली.

"या मॅडम, या. पोट्टीनं काई केलं काय?"

"काही नाही केलं, जावईबापू." प्रांजलीच्या लग्नापासून बाई त्यांना जावईबापूच म्हणत. "पेटीचं विचारायला आली. ती गोष्ट सांगताना आता चुकत नाही म्हणे."

"नाई चुकत," उमेश जरा कौतुकानंच म्हणाले. "पयले-पयले चुके. आवाज अस्सल तिचा, पण नावगाव इकडचं तिकडं करे. म्हाताऱ्या माणसाच्या पेट्या तं लयच चुकतात म्हने. म्हनून कंपनीनं सोय देल्ली. घरच्या मानसानं टोकलं का पेटी दुरुस्त करून घेते. पुन्हा त्या जागी चुकत नाई."

वाक्य पुरं होईपर्यंत बाईंच्या ध्यानात सगळं आलं होतं. त्यांनी हात वर केला, उमेशना थांबवायला. पण उशीर झाला होता. अद्विका आतल्या दारात उभी होती.

"म्हणजे म्या टोकलं म्हनून?"

ती चौकट सोडून पुढे आली.

"रोज मीच सांगो तिले, शिंपी नाई, पिंजारी." तिचा आवाज अगदी बारीक झाला. "म्हणजे म्याच आईले पुसून टाकलं काय?"

"अवं नाई बेटा, असं कुठी असते काय..." उमेश उठले, पण दोन पावलं टाकून तिथेच थांबले. तेव्हा कुठे त्यांच्या डोक्यात प्रकाश पडला होता. दवाखान्यात प्रांजली पेटीसमोर बोलायची तेव्हा ते बाहेर औषधांच्या रांगेत असायचे. 'शिंप्याकडे' म्हणून ती थांबायची ते आठवण राहत नाही म्हणून, गोळ्यांनी डोकं जड होतं म्हणून, असं ते समजत आले होते. पेटी सुधारली तेव्हा त्यांना बरंच वाटलं होतं. प्रांजली आता पेटीत तरी बरी झाली, असं काहीतरी.

त्यांनी लगेच कंपनीला फोन लावला. पलीकडून एक गोड आवाज आला. तो माणसाचा होता की पेटीतला, हे कळायला मार्ग नव्हता. छबी तयार झाल्यावर मूळ ध्वनिमुद्रण पुसून टाकतात, आवाज आवाजाच्या धन्याशिवाय कुणाच्या हाती राहू नये म्हणून तसा नियमच आहे, असं त्या आवाजानं समजावून सांगितलं. छबीत एकदा दुरुस्ती झाली की आधीची छबी उरत नाही. आणि फोन ठेवता ठेवता तो आवाज आनंदानं म्हणाला, "तुमच्या पेटीची अचूकता खूपच वाढलेली दिसते, सर. अभिनंदन."

उमेश फोन बाजूला टाकून उठले. मग एकदम म्हणाले, "थांब. चुकत नाई तं चुकाले शिकवू आपण तिले." आतून पेटी आणून त्यांनी तारांच्या भेंडोळ्यांत जागा करून ती टेबलावर ठेवली. हिरवा दिवा लागला.

"अदू, जेवली काय?"

बाईंनी खुर्चीचा हात घट्ट धरला. प्रांजलीचा आवाज! वेण्यांच्या दिवसातला नाही, बाई झालेल्या प्रांजलीचा, मंडईत भेटली की 'बाई, ओळखलं काय?' म्हणणारा. आतापर्यंत त्या या घरात यायचं टाळत होत्या ते यासाठीच.

"प्रांजली," उमेश घसा खाकरून म्हणाले, "उंदराच्या गोष्टीत पिंजारी म्हणू नको. शिंपी म्हणत जाय."

"बरं," पेटी म्हणाली, किती सहज! "शिंपी म्हणीन." आणि ती सांगू लागली. उंदीर शिंप्याकडे गेला, शिंप्यानं कापूस पिंजून दिला, गोधडी झाली, उंदीर झोपला. कुठे न थांबता, न अडखळता. शिंपी आता बरोबर झाला होता, मग थांबायचं कशासाठी?

"आता टोक तिले," उमेश लेकीला म्हणाले. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. "म्हण, शिंपी नाई, पिंजारी. म्हण न बापा."

अद्विकानं दोन्ही हात तोंडावर दाबून धरले आणि जोरजोरात मान हलवली. बोटांच्या फटीतून तिचे शब्द आले, "नाई. म्या टोकलं तं आनखी काई जाईन."

घरी परतताना बाई रस्त्यात दोनदा भलत्याच गल्लीत वळल्या. त्यांना राहून राहून दवाखान्यातली खाट दिसत होती. प्रांजली विसराळू नव्हती, कधीच नव्हती. तिच्या पोरीला पकडता यावी म्हणून ती चूक करायची, जशी बाई करत. आणि त्या अवस्थेत, एकेक शब्द बोलायला दम पुरत नसताना, पेटीसमोर बसूनही ती आठवणीनं चुकली होती. आपल्यामागे आपल्या लेकीला रोज कोणीतरी 'बरं झालं तू होती' म्हणावं, याची तिनं तिच्या परीनं तजवीज करून ठेवली होती. पेटीला त्यात फक्त चूक दिसली. तिला तरी काय बोल लावायचा? चूक दाखवली की दुरुस्त कर म्हणून सांगितलं होतं, तिनं बिचारीनं केली.

दुसऱ्या दिवशी बाईंनी फळ्यावर तारीख लिहिली आणि वार चुकवला. पोरं ओरडली. तिसऱ्या रांगेतून आवाज आला नाही.

बाईंनी सातचा पाढा चुकवला, अकोला जिल्ह्यातलं मूर्तिजापूर अमरावतीत टाकलं, सुफियानला सलमान म्हणून हाक मारली. एरवी अद्विकानं वर्ग डोक्यावर घेतला असता. आता ती ओठ आत ओढून वहीकडे बघायची. त्रिशानं तिच्या पुस्तकावर तिचं नाव 'आद्विका' असं लिहिलं, तर तिनं ते तसंच राहू दिलं. डब्यात कारल्याची भाजी पाहून सुफियान "वा, भेंडी!" म्हणाला, आणि ती म्हणाली, "हाव." वर्गाला वाटलं पोरगी शहाणी झाली. तिनं हट्ट करणंही सोडलंय, घरी एका शब्दानं उलट बोलत नाही, असं उमेश सांगायचे, आणि ते सांगताना त्यांचा चेहरा बघवत नसे.

चूक दाखवली की माणूस पुसला जातो, असं त्या पोरीनं मनाशी पक्कं धरलं होतं. आणि तिला ते पुराव्यासकट दिसलं होतं, बाईंनीच टाकलेल्या दोऱ्यांत.

बाईंना रात्री झोप लागेना. एप्रिलअखेर त्या सेवानिवृत्त होणार होत्या. मुलाकडे, बंगळुरूला जायचं ठरलं होतं, घराला गिऱ्हाईकही मिळालं होतं. मुख्याध्यापक निरोपसमारंभात पेटी भेट द्यायची म्हणत होते, "तुमचा आवाज शाळेत राहील, मॅडम." पुढच्या पोरांसाठी, फळ्याशेजारी. बाईंनी हो-नाही काही म्हटलं नव्हतं. आता त्या मुख्याध्यापकांना ठाम नाही म्हणून आल्या. त्यांच्या मुद्दाम केलेल्या चुका एकेका वर्गाच्या पोरांनी आनंदानं ओरडत दुरुस्त केल्या असत्या, आणि दोन वर्षांत फळ्याशेजारी एक अचूक बाई उरली असती.

मार्चमधल्या एका दुपारी, खिचडीची सुट्टी झाली आणि पोरं ताटल्या घेऊन पळाली, तेव्हा बाईंनी अद्विकाला थांबवून घेतलं. लाल दोरी फरशीवर टाकून मोठा गोल केला आणि गुडघे दुखत असतानाही त्या त्यात मांडी घालून बसल्या.

"ये, बस. इथं आत."

अद्विका दोरी ओलांडून आत आली.

"तुझी आई चुकत नव्हती, अदू. मुद्दाम चूक करायची. माझ्याकडूनच शिकली ती, याच वर्गात. तिला पिंजारी पक्का माहीत होता."

अद्विकानं विचारलं, "मंग पेटीले काहून नाई समजलं?"

"पेटीला चूक कळते. मुद्दाम कळत नाही."

"पण म्या टोकलं तं ते गेलं न."

"पेटीतलं गेलं," बाई म्हणाल्या. त्या पोरांशी खोटं बोलत नसत. मुद्दाम चुका केल्या असतील हजार, पण खोटं कधी नाही. "ते परत येणार नाही, बेटा. पण तू जित्या आईलाही रोज टोकायचीस. मग दुसऱ्या दिवशी काय व्हायचं?"

"दुसऱ्या दिवशी थे पुन्हा चुके."

"झालं तर मग."

बाहेर ताटल्यांचा आवाज चालला होता. बाईंनी साडीचा पदर नीट केला आणि सांगायला सुरुवात केली. वावर, थंडी, कापूस. त्यांना प्रांजलीसारखं सांगता येत नव्हतं, आणि त्यांनी तसा प्रयत्नही केला नाही.

"मग काय, उंदीर कापूस डोक्यावर घेऊन निघाला," त्या म्हणाल्या, "आणि गेला शिंप्याकडे. म्हणाला, शिंपीदादा शिंपीदादा, माझा कापूस पिंजून दे."

आणि त्या थांबल्या.

अद्विकाची मान खाली होती. तिनं दोरीचा एक धागा उकलला, बोटाला गुंडाळला, सोडला. बाई थांबूनच राहिल्या. थांबायची त्यांना सवय होती, सगळी नोकरी पोरांच्या उत्तरांसाठी थांबण्यात गेली होती. अद्विकाचे ओठ हलले, मिटले, पुन्हा हलले. मग तिनं वर पाहिलं.

"बाई, म्या सांगतलं, तं तुम्ही उद्या पुन्हा चुकसान न?"

"हो."

"आन परवा?"

"परवासुद्धा."

"आन मी चौथीत गेल्यावर?"